घाईतल्या मार्कचा उशीर

मार्क हा घाईतला लेखक. चार शुभवर्तमानांत त्याचंच सगळ्यांत लहान, सोळा अध्यायांचं. त्यात येशूच्या जन्माची कथा नाही, वंशावळ नाही, डोंगरावरचं प्रवचनही नाही. येशू येतो तो कर्ता होऊनच, आणि आल्या आल्या कामाला लागतो. 'लगेच' या अर्थाचा शब्द मूळ ग्रीकमध्ये चाळीसेक वेळा येतो म्हणतात. वाक्यं 'आणि'ला 'आणि' जोडत पळत सुटतात. असा हा गडी पाचव्या अध्यायात एके ठिकाणी चक्क रेंगाळतो. बारा वर्षांची पोर मरणाच्या दारात आहे, तिला बरं करणारा निघालाय, बाप पुढे वाट काढतोय, आणि ऐन रस्त्यात मार्क कथा थांबवतो. श्रद्धा, प्रार्थना आणि बरं होणं याबद्दल नव्या करारात पुष्कळ काही आहे. पण मला विचाराल तर त्यातलं अस्सल सोनं या थांब्यात आहे.

ही कथा मी वाचली होती पुष्कळदा. नीट ऐकली ती बारडोलीत. मराठी वाचकाला बारडोली म्हटलं की 1928 चा सत्याग्रह आणि वल्लभभाई आठवतात. हल्लीची बारडोली उसाची आहे. शेजारच्या बाबेनचा सहकारी साखर कारखाना 1950 च्या दशकातला. दिवाळीच्या सुमारास डांग, नवापूर, नंदुरबार, धुळे या बाजूंनी तोडणीवाले यायला लागतात. जोडप्याच्या टोळीला इथेही कोयताच म्हणतात, वर मुकादम असतोच, उचल फेडायची असतेच. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने याच मजुरांवर आयुष्यातली कितीतरी वर्षं खर्च केली. या टोळ्यांत काही घरं ख्रिस्ती असतात. खानदेशाच्या अंगाने स्कँडिनेव्हियन मिशनरी आले, तर गुजरातच्या अंगाने अमेरिकेतलं चर्च ऑफ द ब्रेदरन 1890 च्या दशकात वलसाडला उतरलं आणि पुढे व्यारा, आहवापर्यंत पोचलं. त्या मंडळ्यांची नातवंडं-पतवंडं आज कोयता घेऊन इथल्या पडावांत, म्हणजे तोडणीवाल्यांच्या मुक्कामांत, उतरतात. रविवारी संध्याकाळी पाचटावर सतरंजी पडते. वचन वाचणारा त्यांच्यातलाच, सकाळी फडात असलेला. वाचायचं गुजरातीतून किंवा मराठीतून आणि उलगडायचं मावची बोलीतून, अशी पद्धत.

कथेची सुरुवात याईरपासून होते. हा सभास्थानाचा अधिकारी, गावात वजन असलेला माणूस, आणि मार्क त्याचं नाव देतो. तो गर्दीसमोर येशूच्या पायांवर पडतो आणि विनवतो, पोर जाते आहे, येऊन तिच्यावर हात ठेवा. येशू काही न बोलता निघतो. प्रश्न नाही, अट नाही, तुझा विश्वास किती अशी चौकशी नाही. पाठोपाठ गर्दी निघते आणि दोन्हीकडून रेटते.

आता त्या गर्दीत मार्क एक बाई सोडतो. तिला नाव नाही. याईर समोरून आला, ही मागून येते. त्याने चारचौघांत मागितलं, ही कुणाला न सांगता घेणार आहे. मार्क तिची सगळी कर्मकहाणी एका लांबलचक वाक्यात कोंबतो: बारा वर्षं अंगावरून जात असलेली, बऱ्याच वैद्यांच्या हातून बरंच सोसलेली, होतं नव्हतं ते खर्चून बसलेली, गुण येण्याऐवजी जास्तच बिघडलेली, येशूबद्दल ऐकून गर्दीतून मागच्या बाजूने आलेली. ग्रीकमध्ये ही सगळी विशेषणं एकावर एक चढत जातात आणि मुख्य क्रियापद पार शेवटी येतं: शिवली. वाचणाऱ्याचा श्वास तोवर अडकून राहतो. ग्रीकमध्ये ही मुद्दाम केलेली करामत आहे. आपल्या मराठीला क्रियापद शेवटी ठेवायची जन्माचीच सवय, त्यामुळे आपल्याकडे ती आपसूक उतरते. बारा वर्षांचं ओझं एका वाक्यात वाहायचं आणि शेवटच्या पावलाला बोटाच्या टोकावर उतरवायचं, असं हे वाक्य आहे.

वैद्यांचा उल्लेख आला की पडावात हशा पिकतो. मार्क त्यांना अजिबात सोडत नाही. पैसा गेला आणि दुखणं वाढलं, असं तो सरळ सांगतो. लूकने हीच कथा आठव्या अध्यायात घेतली. परंपरा लूकला वैद्य मानते. तो फक्त एवढंच म्हणतो की तिला कुणाच्यानं बरं करता आलं नाही. दुखणं वाढल्याचा भाग त्याने गुपचूप गाळला. धंद्याची लाज राखली म्हणायची! पण ऊसतोडीच्या बाईला मार्कच जवळचा वाटणार. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. 82 हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली, त्यांत 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा नको आणि खाड्याचा दंड नको, म्हणून अंगावरून जाण्यावर हा कायमचा इलाज. होतं नव्हतं ते वैद्यांवर घालवून जास्तच बिघडलेली, हे वर्णन दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे असं त्या सतरंजीवर बसून वाटत नाही.

शिवण्यातली जोखीम मराठी बाईला टीप देऊन समजवावी लागत नाही. लेवीय पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात नियम आहेत: अशी बाई अशुद्ध, ती बसेल ती जागा अशुद्ध, तिला शिवेल तो संध्याकाळपर्यंत अशुद्ध. बाजूला बसण्याचे दिवस आपल्याला ठाऊक आहेत, हिचे बारा वर्षांचे. ती गर्दीत घुसली म्हणजे वाटेत किती जणांना धक्का लागला असेल, हिशेब करा. मार्क विटाळ हा विषयच काढत नाही. येशू हात झटकत नाही, अंघोळीची भाषा करत नाही. लेखकाने मौन पाळावं ते असं, की न बोललेलं सगळ्यांना ऐकू यावं.

ती शिवते, रक्त थांबतं, आणि हे तिला कसं कळतं? तिच्या अंगाला कळतं. मार्क तेवढंच सांगतो. तिकडे येशूलाही आपल्यातून काही गेल्याचं कळतं. दोन शरीरांना एकाच वेळी एक गोष्ट कळलीय आणि भोवतीच्या शेकडो माणसांना पत्ता नाही. येशू वळून विचारतो, कपड्याला कोण शिवलं? शिष्य वैतागतात. एवढी माणसं अंगावर येताहेत आणि तुम्ही विचारता कोण शिवलं! गर्दीतल्या माणसाचा हा वैताग इतका खरा आहे की मत्तयने तो ठेवलाच नाही. गुरूला शिष्यांनी असं बोललेलं त्याला बरं दिसलं नसावं.

आता तिला पुढे का बोलवायचं? बरी झाली होती, गुपचूप घरी गेली असती. माझ्या एका स्नेह्यांना हे नेहमी खटकतं. चारचौघांत दुखण्याची वाच्यता करायला लावणं त्यांना निर्दयपणाचं वाटतं. मला तसं वाटत नाही. तिचं रक्त थांबलं हे फक्त तिला ठाऊक. गावाच्या लेखी ती अजून बाजूलाच बसलेली. ती थरथरत पुढे येते आणि सगळं खरंखरं सांगते. त्यावर येशू तिला मुलगी म्हणतो. शुभवर्तमानांत येशूने एखाद्या बाईला अशी हाक मारल्याचा प्रसंग हा एकच. आणि ती हाक एका बापासमोर मारली जाते, ज्याची खरीखुरी मुलगी तिकडे घरी शेवटच्या घटका मोजतेय. बारा वर्षांचं दुखणं आणि बारा वर्षांची पोर. पोर जन्मली तेव्हा बाई आजारी पडली. दोन्ही बारा मार्क कुठेही शेजारी मांडत नाही. एक कथेच्या सुरुवातीला टाकतो, दुसरा पार शेवटी, पोर उठून चालायला लागल्यावर.

तिचा आजार कशामुळे, कुणाच्या पापाने, कुणाच्या नजरेने, हा प्रश्न या कथेत कुणीही विचारत नाही. हे बारडोलीच्या पूर्वेला राहणाऱ्या माणसाला फार मोठं वाटतं. इथून सातपुड्यापर्यंत आजारपण आलं की पहिला प्रश्न, केलं कुणी? भगत दाणे पाहतो, आणि दाणे पुष्कळदा शेजारच्या एकट्या म्हातारीकडे बोट दाखवतात. डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या अजून येतात. सिकलसेल इथल्या आदिवासी समाजांत घरोघरी माहीत झालाय, तरी रक्तातल्या दोषाला माणसाचं नाव चिकटवायची सवय गेलेली नाही.

आजार आणि देव यांची सांगड या मातीला नवी नाही. 1922 च्या अखेरीस सलाबाई नावाची देवी अंगात येणाऱ्या माणसांच्या तोंडून बोलत डांगातून बारडोली, मांडवी, वालोड तालुक्यांत उतरली. दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, पारशी दारूवाल्याच्या दारात उभे राहू नका, असं तिने सांगितलं. या चळवळीची मुळं डेव्हिड हार्डिमन यांनी पालघरच्या किनाऱ्यावर, कोळ्यांनी देवी रोगाच्या साथीवर केलेल्या उपासनेत शोधली. त्यांचं पुस्तक 1987 चं आहे. रोग टाळायला निघालेली देवी वाटेत दारूबंदीची झाली, ही चाल मोठी रोचक आहे. वचन ऐकायला बसलेल्यांपैकी काहींच्या पणज्यांनी त्या देवीचं ऐकलं असेल.

मूळ धाग्याकडे येतो. येशू त्या बाईशी बोलत असतानाच याईरच्या घरून माणसं येतात: पोर गेली, आता गुरूजींना कशाला त्रास? या क्षणी मार्क याईरला एकही वाक्य देत नाही. इतका वेळ तो कुठे होता? गर्दीत तिथेच उभा होता. एका अनोळखी बाईची बारा वर्षांची कहाणी, सगळी खरीखुरी, म्हणजे लांबलचक, ऐकत. पडावात एका बाईने मध्येच वाचणाऱ्याला विचारलं, "मग त्या बापाला राग नाही आला तिचा?" वाचणारा अडला. पुस्तक चाळून म्हणाला, "लिहिलेलं नाही." तिने मान हलवली, "आला असणार." वर्षानुवर्षांची टीकाग्रंथांची मांडामांड मी त्या दोन शब्दांवरून ओवाळून टाकीन. या कथेतला विश्वास म्हणजे याईरचा तो राग गिळून पुढचं पाऊल टाकणं. येशू त्याला घाबरू नको, विश्वास धर, एवढं म्हणतो, आणि तो चालू लागतो. बोलत नाही. ज्याने सुरुवातीला प्रार्थना केली तो आता गप्प आहे, आणि त्याचं चालणं हीच त्याची प्रार्थना आहे.

मार्कची कारागिरी कळायला मत्तयचा नववा अध्याय शेजारी उघडून ठेवावा. मार्कने तेवीस वचनं घेतली, लूकने सतरा, मत्तयने नवात उरकलं. मत्तयकडे बाप येतो तोच पोर आत्ताच गेली असं सांगत. झालं, उशिराला काही अर्थच उरला नाही. मेलेलीला उशीर कसला? चमत्कार तेवढाच मोठा राहिला, पण बापाच्या पोटातला गोळा गेला. संपादकाने छाटलेल्या कथेत नेमकं काय मरतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

घरी रडारड चाललीय. येशू म्हणतो पोर झोपलीय, तर लोक हसतात. रडणं इतक्या पटकन हसण्यात बदलतं की ते रडणं किती आतून होतं हे मार्कला वेगळं सांगावं लागत नाही. येशू सगळ्यांना बाहेर काढतो. आत आई, बाप आणि तीन शिष्य. पोरीचा हात धरतो, उठवतो, ती चालायला लागते. सगळे थक्क झालेले असताना त्याची शेवटची सूचना कोणती? तिला काही खायला द्या. देवाचा महिमा गा, देऊळ बांधा, यातलं काही नाही. आजारातून उठलेल्या लेकराला भूक लागलेली असणार, हे त्या गडबडीत आठवणारा माणूस! मला या साऱ्या कथेत हाच सगळ्यांत थोर क्षण वाटतो, मृतातून उठवण्याहूनही.

आपल्याकडच्या कानाला आणखी एक गोष्ट खटकेल: इथे कुणी नवस बोलत नाही. याईर देणगी कबूल करत नाही, बाई पाच मंगळवार धरत नाही. मार्कच्या एकाही बरं होण्याच्या कथेत असा व्यवहार नाही. एका कुष्ठरोग्याला मोशेच्या नेमाप्रमाणे अर्पण कर असं सांगितलंय खरं, पण ते बरा झाल्यावरचं आणि याजकाच्या दाखल्यासाठी. नवसाची टर उडवणाऱ्या तुकोबांना ही जागा आवडली असती.

आणि विश्वास ठेवायचा कुणी? चंगाई सभांमध्ये आजाऱ्याला विचारतात, तुझा विश्वास आहे ना? बरा नाही झाला तर कमी पडला तोच. मार्कचा दुसरा अध्याय काढा. पक्षाघाताचा रोगी चौघांनी उचलून आणलेला, दारात गर्दी, मग हे पठ्ठे छप्पर उकलून त्याला खाटेसकट खाली सोडतात. येशू विश्वास पाहतो तो त्या आणणाऱ्यांसकट सगळ्यांचा. रोगी अवाक्षर बोलत नाही. (येशू आधी त्याला पापक्षमा देतो आणि मग बरं करतो. आजार म्हणजे पाप असं समीकरण काढणारे इथेच काढतात. मलाही ही जागा सोपी वाटत नाही.) नवव्या अध्यायात झटके येणाऱ्या मुलाचा बाप तर विश्वास आहे आणि नाहीही, असं एकाच दमात कबूल करतो. त्याला कुणी नापास करत नाही. शिष्यांना तो मुलगा का बरा करता आला नाही, यावर येशू नंतर प्रार्थनेचं नाव घेतो. पुढच्या बहुतेक हस्तलिखितांत त्याला उपवासही जोडलेला आहे, आणि उपवास-प्रार्थना भरवणाऱ्यांचा तोच आवडता आधार. सगळ्यांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत मुळात उपवास नाही.

बेथसैदाच्या आंधळ्याची आठव्या अध्यायातली कथा तर मत्तय आणि लूक दोघांनीही वगळली. कारण उघड आहे, पहिल्या हाताने काम अर्धंच झालं. त्या माणसाला माणसं दिसायला लागली, पण झाडं चालावीत तशी धूसर. मग पुन्हा हात ठेवावे लागले. भल्या पहाटे बाबेनच्या फडावर डोक्यावर वाढ्यासकट उसाच्या मोळ्या घेऊन निघालेल्या बाया पाहिल्या की त्या आंधळ्याने काय पाहिलं ते समजतं. नासरेथबद्दलही मार्क बिनधास्त लिहितो की तिथे येशूला मोठं काही करता आलं नाही, थोड्या आजाऱ्यांना बरं केलं इतकंच. मत्तयने 'करता आलं नाही'चं 'केलं नाही' करून सावरून घेतलं. मार्कचा येशू थकतो, अडतो, पुन्हा प्रयत्न करतो. आणि बरं केल्यावर अनेकदा कुणाला सांगू नका म्हणतो. याला अपवाद आहे. त्याच पाचव्या अध्यायात, थडग्यांत राहणाऱ्या वेड्याला तो घरी जाऊन सांग म्हणतो. पण माईकवर साक्ष द्यायला लावण्याची आजची रीत त्या एका अपवादावर किती टेकवायची?

मार्कचा वैद्यांवर राग असला तरी त्याच्या वाचकांनी पुढे दवाखानेच काढले. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेला रुग्णालय उभं केलं. इकडे नवापूर तालुक्यातलं चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय तोडणीवाल्यांच्या गावांना चांगलं परिचयाचं. त्या पडावातही प्रार्थना संपली की कुणाला ताप आहे, कुणाला बारडोलीच्या दवाखान्यात न्यायचं, याची बोलणी त्याच सतरंजीवर होतात. त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

नाही म्हटलेल्या प्रार्थनाही नव्या करारातच आहेत. गेथशेमानेच्या बागेत येशू हा प्याला टळावा म्हणून पुन्हा पुन्हा विनवतो. टळत नाही. पौल करिंथकरांना लिहितो की देहातला एक काटा काढून टाक असं त्याने तीनदा मागितलं, आणि काटा राहिला. पौलाच्याच नावावर असलेल्या एका पत्रात त्रफिम नावाचा सोबती मिलेत गावी आजारी ठेवून पुढे निघाल्याची नोंद आहे, कसलंही स्पष्टीकरण न देता. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर वारंवार दुखणाऱ्या पोटासाठी सांगितलाय तो थोडा द्राक्षारस, नुसतं पाणी पिऊ नको असं बजावून. दारूबंदीच्या गुजरातेत, सलाबाईने ताडी सोडवलेल्या तालुक्यात, हे वचन वाचताना वाचणारा चोरून हसतो. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतं, "परवाना लागेल का?" मुकादमाला तेवढा भाग पुन्हा वाचून हवा असतो.